ओढाच हाय की

भवानी पेठ, सोलापूर
शुक्रवार, २६ सप्टेंबर

चि. इंद्रजीत यास आईचा आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिला. मनातनं तुझ्या कानाखाली एक ठेवून द्यावी वाटतीय. आई जिवंत हाय, बाप जिवंत हाय, आणि तू नोकरी सोडलीस हे मला तुझ्या साहेबानं फोन करून कळवायचं व्हय? 'मावशी, इंद्रजीत बरा आहे ना? कामावर येत नाही, फोनपण लागत नाही.' मी काय बोलणार त्याला? म्हटलं, तापानं पडलाय. मंग तुझ्या खोलीवरच्या पोराला फोन लावला. तो आधी नुसता घसा खाकरत बसला. मंग म्हणाला, 'काकू, तो परत तिकडंच गेलाय.' तिकडंच म्हंजे कुटं हे त्यानं सांगितलं न्हाय, आणि मी विचारलं न्हाय.

तुला काय वाटलं, मला कळणार न्हाय? पिंकीला त्या ओढ्यानं नेऊन चार दिवसांनी महिना होईल. तुझी सख्खी भण अजून हाताला लागली न्हाय. नऊ दिवस दोर घेऊन, होड्या घेऊन माणसं हुडकत होती, ती सुदिक हात टेकून घरला गेली. आणि तू एकटा काठी घेऊन त्याच रानात फिरतोस, भर पावसात. एक लेकरू पाण्यानं नेलं, दुसरं आपल्या पायानं रोज पाण्यात जातंय, आणि आईनं हितं टॉवेलाला कडा मारत बसायचं. बरोबर हाय का हे? तूच सांग.

जेवतोस का? ह्यांची तब्येत ठीक हाय. कान आणखी गेलेत. आता मागावरून आल्यावर सुदिक शेजारी बसून ओरडावं लागतं. नवरात्र बसलंय, पण आपल्यात घट न्हाय बसवले. पाऊस हितं बी लई झाला. नळाला मात्र अजून पाचव्या दिवशीच पाणी.

रविवारी सांजच्याला फोन आला. नंबर अनोळखी. 'मावशी, मी जोतिराम, करवंदवाडीचा. तुमचा पोरगा माज्याकडं हाय.' आधी मला धसकाच बसला. पोरगा 'हाय' म्हणाला हे कानात शिरायला येळ लागला. तो बिचारा टेकडावर चढून बोलत होता, घरात रेंज न्हाय म्हणून. म्हणाला, 'जेवतो, झोपतो, कुनाला तरास न्हाय त्याचा. पर उजाडलं की रानात शिरतो. वाटा शेवाळल्यात, आमचा पाय ठरत न्हाय तितं. ओढा तीन जागी आडवा येतो, आणि ह्यो तिन्ही जागी उतरतो. परवा मांडीएवढ्या पाण्यात सरकला, कपाळ फुटलं. म्या म्हटलं दोर बांधून देतो कंबरंला, एक टोक मी धरतो. तर म्हणतो दोर नको. मावशी, तुमी सांगा त्याला. माजं ऐकत न्हाय.'

कपाळ फुटलं ते मला एवढं लागलं न्हाय. पडतं माणूस, फुटतं. पण दोर नको म्हणाला ते लागलं. पाण्यात उतरायचं आणि दोर नको, ह्याचा अर्थ चौथी शिकलेल्या बाईला सुदिक कळतो.

म्हणून हे पत्र. तुझा फोन बंद, जोतिरामकडं निरोप ठेवला तर तू टेकडावर येत न्हाईस. कागद तरी फाडून टाकायच्या आधी माणूस एकदा बघतो.

तुला हे डोंगराचं खूळ कुणी लावलं, मला अजून कळलं न्हाय. आपल्या सात पिढ्यांत कुणी डोंगर चढला न्हाय. सोलापुरात उंच म्हंजे गिरणीचं धुराडं, आणि ते बी लांबनं बघायचं. तू पुण्याला गेलास आणि दर सुट्टीला पाठीला पिशवी लावून पावसात भिजायला जायला लागलास. फोटो पाठवायचास. धुकं, झाडं, चिखलात पाय. मी शेजारच्या शांतम्माला दाखवायचे, 'बघ गं, पैसे देऊन चिखल तुडवायला जातेत.' ती हसायची. मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पोरगं हसताना दिसायचं फोटोत.

पण पिंकीला न्यायची काय गरज होती? ती नर्सिंगला, शेवटचं वरीस, रातपाळ्या करून डोळ्याखाली काळं झालेलं. दोन दिवस सुट्टी मिळाली तर सरळ घरी पाठवायची. आणि ते बी कुटले दोन दिवस? लक्ष्म्यांच्या, तुमच्या पुण्याकडच्या गौरींच्या, तोंडावर. आपल्या घरातली रीत तुला ठावं न्हाय असं न्हाय. दुसऱ्यांच्यात सून आणती, आपल्यात लेक आणती. उंबऱ्यापासनं आतपर्यंत कुंकवाच्या पावलांवरनं दोन्ही मुखवटे लेकीनंच हातात धरून आणायचे. लग्न झालं की तो मान जातो. पिंकी पाच वरसाची होती तवापासनं तीच आणायची, एका हातात मावायचा न्हाय तरी. रविवारी साडेपाचच्या आत लक्ष्म्या घरात यायला पाहिजे होत्या. मी तुला आठ दिवस आधी बजावलं होतं. तू म्हणालास, 'आई, शनिवारी संध्याकाळी खाली उतरतो, रात्री पुण्यात, सकाळच्या गाडीनं तिला बसवतो. दुपारी तुझ्यापुढं.' असंच म्हणाला होतास ना?

आता त्या दिवसाचं. शनिवारी तुमचा फोन लागला असता तर मी सांगितलंच असतं, बाबांनो थांबा म्हणून. कुटली आई न्हाय सांगणार? पण तितं रेंज न्हवती म्हणतेत. पेपरात आलं, 'अतिउत्साही पर्यटक', 'पाण्याचा अंदाज न घेता'. पेपरवाल्याला काय ठावं.

नऊ दिवसांनी ह्यांच्याबरोबर तू घरी आलास तवा गल्ली सगळी दारात होती. सयाजीमामा होता, मोडनिंबची आत्या होती, मागावरची माणसं होती. तू उंबऱ्यात उभा. दाढी वाढलेली, उजव्या हाताला चार नखांचे ओरबाडे, पिंकीच्या. मी तुला आत ये म्हटलं न्हाय. मी काय म्हटलं ते तुला लिहायची गरज न्हाय पण लिहिते. म्हटलं, 'एवढा मोठा दांडगा गडी, आणि तुला एका पोरीचा हात धरता आला न्हाय. तू सोडलास तिचा हात.' मामा म्हणाला, 'वच्छे, गप.' मी गप बसले न्हाय. परत म्हटलं, 'सोडलास का न्हाय? सगळ्यांसमोर सांग.'

तू मान खाली घालून म्हणालास, 'व्हय आई. सुटला.'

बास. एवढंच बोललास. मी दारातनं बाजूला झाले, तू आत येऊन भिंतीला टेकून बसलास, आत्यानं पुढं ठेवलेल्या ताटाला हात लावला न्हाईस, आणि पहाटे उठून गेलास.

तुझ्या तोंडाला कुलूप का होतं, हे तवा तितं फक्त तिघांना ठावं होतं. तुला, मला आणि शांतम्माला.

थांब. चहा टाकून येते.

आले. चहा गार होईस्तोवर कपाकडं बघत बसले होते.

शांतम्मा सोमवारी आली. रोजच्यासारखी टॉवेलांचं बंडल पुढ्यात घेऊन बसली, दोरे कापायला लागली. तुला म्हायती हाय ती कशी बोलती, मराठी बोलता बोलता तिचं तेलुगू मधीच येतं. पण त्या दिवशी अगदी शुद्ध बोलली. 'वच्छलाक्का, किती दिवस?' मी म्हटलं, 'काय किती दिवस?' म्हणाली, 'मी बाजूलाच बसले होते ना त्या दिवशी.' मी तिला म्हटलं, 'ऊठ. तुझं बंडल उचल आणि तुझ्या घरी बसून काम कर.' उचललं तिनं. गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, परत त्याच जागेवर बसली आणि दोरे कापायला लागली. लई चिवट बाई हाय.

मंगळवारपासनं मोहोळकडं काय झालं ते जोतिरामच्या टेकडावर कळलं असेल न्हायतर नसेल. सीनेला पूर आला. कधी न आलेला. गावंच्या गावं पाण्यात, हायवे बंद. सयाजीमामाच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. माणसं वाचली, वर शाळेत जाऊन बसली. आपल्या पेठेतल्या बायांनी भाकरी थापल्या, शेंगाची चटणी बांधली, आणि टेम्पोत घालून पाठवायचं ठरलं. मी म्हटलं मी बरोबर जाते, माझं माहेर हाय. काल गुरुवारी गेले.

इंद्रजीत, आता मी जे लिहिते ते नीट वाच. मला दुसऱ्यांदा लिहवणार न्हाय.

तुला आमच्या माहेरचा ओढा ठावं हाय. लहानपणी तू बी खेळलास त्यात. गावाच्या आणि मामाच्या रानाच्या मधी. मी माझ्या जन्मात त्या ओढ्याला गुडघ्यावर पाणी बघितलं न्हाय. वाळू, बाभळी, आणि उन्हाळ्यात शेरडं. आमी पोरी त्यात झिरा खोदायचो. हातानं वाळू उपसायची, खड्ड्यात पाणी झिरपेस्तोवर बसायचं, आणि वाटीनं घागर भरायची. एक घागर भरायला दुपार जायची. ओढ्याला पाणी आलं तर आमच्यात नारळ फोडायचे. सगळं गाव बघायला जायचं, बाया लुगडी वर धरून मुद्दाम त्यातनं चालायच्या. मला ओढा म्हंजे ते ठावं. ओढा म्हंजे जितं पाणी हुडकावं लागतं.

काल टेम्पो अलीकडंच थांबला. पुढं रस्ता न्हवता. मी उतरून चालत पुढं गेले, आणि जितं ओढा असायचा तितं काय होतं ते मला सांगता येणार न्हाय. बाभळीचं अख्खं झाड मुळासकट माझ्या डोळ्यांदेखत गेलं, काडी जावी तसं. पण मी ते बघत न्हवते. मी ऐकत होते.

आवाज. एकसारखा, खालनं येणारा, पायाला लागणारा. घर्रर्र करून. मी उभ्या जागी खाली बसले. बरोबरचा माणूस म्हणाला, 'मावशी, चक्कर आली का?' मी म्हटलं, 'न्हाय.' हा आवाज मी ऐकला होता. शनिवारी, तीस तारखेला, दुपारी, फोनमधनं.

वर मी लिहिलं की फोन लागला न्हाय, रेंज न्हवती. ते खोटं हाय. तुला ठावं हाय खोटं हाय ते. लिहिताना हात थांबला होता तरी लिहिलं. सवय झालीय. महिनाभर सगळ्यांना तेच सांगतीय. आता खोडत न्हाय, राहू दे, तुला कळू दे तुझी आई कशी हाय.

फोन लागला होता. पिंकीनं केला होता. मी आणि शांतम्मा दारात टॉवेल शिवत बसलो होतो, हे आत पेपर बघत होते. पिंकी म्हणाली, 'आई, इथं दगडावर चढून जरा रेंज आलीय. आम्ही खाली उतरलोय, पण ओढ्याला पाणी आलंय. सकाळी घोट्याएवढं होतं, आता वाढलंय. दादा म्हणतो थांबू. उशीर झाला तर सकाळची गाडी चुकेल, म्हणून तुला सांगते.'

मी म्हटलं, 'ओढाच हाय की. नदी हाय का समुद्र हाय?'

ती म्हणाली, 'आई, लई जोरात वाहतोय. तुला ऐकू येत नाही का?'

आणि इंद्रजीत, मला ऐकू येत होतं. फोनमधनं घर्रर्र आवाज येत होता. मला वाटलं आपल्याच गल्लीतले माग. शनिवार, दुपारची पाळी, समोरच्या शेडातले सगळे माग चालू. पंचवीस वरसं मी तो आवाज ऐकती, आता ऐकू येतो ते सुदिक कळत न्हाय. मला वाटलं आपले मागच फोनमधी घुमतेत. मी म्हटलं, 'सगळं ऐकू येतंय मला. थांबायची नाटकं करू नका. उद्या साडेपाचला लक्ष्म्या उंबऱ्यात ताटकळणार, आणि तू तिकडं ओढ्याच्या काठाला फोटो काढत बस. तुला यायचंच न्हाय, तसं सांग. रोज म्हातारं-कोतारं पायी ओलांडतं ओढा. दादाला दे फोन.'

तू घेतलास. तू म्हणालास, 'आई, इथला ओढा तसला नाही गं.' मी तुला पुढं बोलू दिलं न्हाय. मी काय म्हणाले ते तू कुणाला सांगितलं न्हाईस. आज मी लिहिते. मी म्हणाले, 'बांगड्या भर हातात. भणीला धरून चार पावलं ओलांडता येत न्हाय तर डोंगर कशाला चढतोस?' आणि फोन कट केला. शांतम्माकडं बघून हसले बी. म्हटलं, 'ओढ्याला भ्यालेत माझी वाघरं.'

शांतम्मा हसली न्हवती. आता आठवतं.

त्या आधी तुम्ही थांबणार होता. तू ठरवलं होतंस थांबायचं. तुझे दोन मित्र थांबलेच काठावर, ते वाचले. तुम्ही दोघंच उतरलात. कारण आईनं सांगितलं.

काल रातच्याला मोहोळवरनं येऊन मी जोतिरामच्या नंबरावर फोन लावत बसले. लागेना. आज सकाळी तो टेकडावर आला तवा लागला. मी विचारलं, 'जोतिराम, मला एक सांगा. त्या दिवशी ओढ्याचं पाणी ओसरायला किती येळ लागला असता?' म्हणाला, 'मावशी, कशाला विचारता आता.' मी म्हटलं, 'मला पाहिजे. सांगा.' मंग म्हणाला, 'आमच्या हितला ओढा तासात चढतो आणि तसाच उतरतो. पाऊस वर पठारावर पडतो, लोंढा हितं येतो. हितं ऊन पडलेलं असलं तरी येतो. आमची पोरं बसून ऱ्हातेत. गप्पा मारायच्या, दगडावर बसायचं. दोन तास. लई तर अडीच. सांजच्याला गुडघाभर बी न्हवता त्यो.'

सांजच्याला गुडघाभर बी न्हवता.

त्यानं आणखी एक सांगितलं, त्याला वाटलं मला बरं वाटेल. म्हणाला, सकाळी वर जाताना पिंकीनं त्याच्या आईला विचारून तेरड्याची रोपं उपटून घेतली होती, मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. 'आमच्या लक्ष्म्यांपुढं ठेवायला,' म्हणाली होती. सोलापुरात असला तेरडा बघायला मिळत न्हाय म्हणून. आणि मी तिला म्हणाले होते, तुला यायचंच न्हाय.

लक्ष्म्या डब्यातच हायेत. मी झाकण उघडलेलं न्हाय.

आता तुझ्यावर येते. तू मला वाचवलंस, पोरा. भर गल्लीत मी तुला खुनी ठरवलं. एक वाक्य बोलला असतास तर सगळी गल्ली माझ्याकडं वळली असती. 'आई, तूच म्हणालीस ओलांडा.' एवढंच. मी खरं सांगते, मी त्या उंबऱ्यात उभी राहून त्याच वाक्याला भीत होते. म्हणूनच तर आधी मी बोलले. आधी बोललं की दुसऱ्याचं ऐकावं लागत न्हाय. तू 'व्हय, सुटला' म्हणालास आणि मला काय झालं ठावं हाय का? मला हायसं वाटलं. पोरगी गेलेली, पोरगा मेल्यासारखा समोर उभा, आणि मला हायसं वाटलं. असली आई हाय मी.

तू हात सोडला न्हाईस. ओरबाडे मी बघितलेत. तिनं पण सोडला न्हाय आणि तू पण सोडला न्हाईस, पाण्यानं सोडवला. आणि तुम्हा दोघांना त्या पाण्यात मी हितं बसून, कात्री हातात धरून, ढकललं. हे मला तोंडानं म्हणायला एक महिना लागला.

ह्यांना आज सांगितलं. दुपारी जेवायला आले होते तवा. पण ह्यांना सांगायचं म्हंजे ओरडून सांगावं लागतं, कान गेलेले. समोर माग चालू होते म्हणून मला वाटलं कुणाला काय ऐकू जाणार न्हाय. मी ओरडले, 'अहो, पिंकीचा फोन आला होता, मीच म्हटलं ओलांडा.' त्यांना 'फोन आला होता' एवढंच कळलं. 'कुणाचा?' म्हणाले. 'कधी?' मी परत ओरडले. आणि नेमकी लाईट गेली. सगळे माग एकदम बंद. माझं 'मीच म्हटलं ओलांडा' त्या शांततेत सगळ्या गल्लीत गेलं. समोरच्या शेडातली माणसं दारात आली. शांतम्मा तिच्या दारात उभी होती. 

म्हंजे आता सगळ्यांना ठावं झालं. तुला झाकून ठेवायची गरज उरली न्हाय.

ह्यांनी घास खाली ठेवला. ताट सारून उठले. मला वाटलं आता मारतेत. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, 'मला मागनं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. पोराला आधी सांगायचं होतं, तुझा दोष न्हाय म्हणून.' आणि हात धुऊन कामावर गेले. अजून आले न्हाईत. बहुतेक पाळी संपूनसुद्धा तितंच बसले असतील.

आता मी तुला माफी मागत न्हाय. माफी मागायची ती पिंकीला, आणि ती मागायला मला जागा न्हाय. तुझ्याकडनं मला माफी नको, मला तू पाहिजेस. तू रोज तितं हुडकायला जात न्हाईस, तू तिच्यामागं जायला जातोस. दोर नको म्हणतोस त्यातच सगळं आलं. मी तुला पाण्यात उतर म्हटलं तवा तू उतरलास. मग आता मी म्हणते बाहेर ये, तर हे बी ऐक. तवा ऐकलंस ते चुकलं होतं, आता ऐकशील ते चुकणार न्हाय. एवढं एकच मला ह्या जगात ठामपणानं सांगता येतंय.

नोकरी गेली तर जाऊ दे. पुण्याला राहायचं नसेल तर नको राहूस. सोलापूरला येऊन माझं तोंड बघायचं नसेल तर मामाकडं जा, त्याच्या घरात गाळ भरलाय, उपसायला माणूस पाहिजे. माझ्याशी बोलू नकोस, जन्मभर नको बोलूस, मी वर तोंड करून विचारणार न्हाय. फक्त त्या ओढ्यातनं बाहेर ये. पाणी उतरल्यावर, दिवाळीनंतर, आपण सगळे जाऊ हुडकायला, जोतिरामला घेऊन, तू, मी, हे. काठाकाठानं. ती मला सापडली पाहिजे हे माझ्याएवढं कुणाला वाटत न्हाय. पण तिच्या बदल्यात तुझं मढं घेऊन जोतिराम टेकडावरनं मला फोन करायला नको.

हे पत्र उद्या रजिस्टर करते. पोस्टातल्या बाई म्हणाल्या बुधवारपर्यंत पोचेल, पावसानं लई झालं तर शुक्रवार. जोतिरामला सांगितलंय, तुझ्या हातातच दे, आणि वाचेस्तोवर समोरनं हलू नको.

रविवारी, पाच तारखेला, टेकडावर चढायचं आणि मला फोन करायचा. दुपारी बाराच्या आत. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, 'आता उतरणार न्हाय' एवढे तीन शब्द म्हण आणि ठेव. तेवढं बी जमत नसेल तर जोतिरामला म्हणायला लाव, पण तू शेजारी उभा पाहिजेस, मला तुझा श्वास ऐकू आला पाहिजे.

बारापर्यंत फोन आला न्हाय तर दुपारच्या गाडीनं मी निघते. पुण्याहून पुढची एष्टी, फाट्यापासनं चालत वाडी, सगळं जोतिरामला विचारून लिहून घेतलंय. सोमवारी सकाळी तू ज्या जागी पाण्यात शिरतोस, त्याच जागी मी येईन, आणि काठावर उभी राहून हाका मारत बसणार न्हाय. तू आत असशील तर मी आत येईन. मला पोहता येत न्हाय. ही धमकी न्हाय, इंद्रजीत, मला दुसरं काही सुचत न्हाय.

पाच तारीख. बाराच्या आत. काय ते सांग.

दोघांची आई,
वच्छला